'वॉबॅश' आयरिस: 1936 सालचं फूल आपल्या अंगणात कसं लावावं

दाढीवाल्या, म्हणजे पाकळीवर केसांची पट्टी असलेल्या आयरिसबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे झाड आबाळीने सहसा मरत नाही, लाडाने मरतं. रोज संध्याकाळी पाइप घेऊन उभं राहायचं, उघडा कंद दिसला की त्यावर माती ओढायची, वर्षातून एकदा सगळ्या वाफ्यांत भरपूर शेणखत घालायचं, या आपल्याकडच्या तिन्ही चांगल्या सवयी याच्या मुळावर उठतात. म्हणून पहिल्यांदा आयरिस लावणाऱ्याने सुरुवात एखाद्या जुन्या, काटक जातीपासून करावी. तिथे चार चुका खपून जातात. माझी निवड 'वॉबॅश'. हा जुना आहे, रंगाने उठून दिसतो, नवख्यालाही ओळखता येतो आणि नव्वद वर्षांच्या आसपास लोकांच्या अंगणांत तग धरून आहे.

हे सगळं मी न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, मिशिगन, इलिनॉय या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. टोरांटोच्या आणि इंग्लंडातल्या वाचकांनाही बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

वॉबॅश कोणता आणि कुठला

वॉबॅश ही इंडियाना राज्यातून वाहणारी नदी. तिच्या काठच्या ब्लफ्टन गावात एडवर्ड ब्रूस विल्यमसन राहत. घरचा व्यवसाय बँकेचा, पण जीव रमायचा चतुर आणि टाचणी या उडत्या कीटकांमध्ये. त्या कीटकांचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात आजही घेतलं जातं. उरलेला वेळ आयरिसचा. 1918 साली त्यांनी 'लेंट ए. विल्यमसन' हा आयरिस बाजारात आणला आणि पुढच्या कितीतरी जातींच्या वंशावळीत तो जाऊन बसला. त्यांच्या लाँगफील्ड आयरिस फार्मवर नव्या रोपांची निवड सतत चालू असे. 1933 साली ते गेले. फार्मचं काम त्यांची मुलगी मेरी हिने पुढे चालवलं आणि 'वॉबॅश' लोकांसमोर आला तो 1936 मध्ये. 1940 साली त्याला अमेरिकेतलं डाइक्स पदक मिळालं. आयरिसच्या दुनियेत याच्या वर दुसरा मान नाही. पदकाला नाव आहे ते विल्यम रिकॅटसन डाइक्स या इंग्रज अभ्यासकाचं.

आयरिसच्या फुलाला तीन पाकळ्या उभ्या असतात आणि तीन खाली झुकलेल्या. उभ्यांना स्टँडर्ड म्हणतात, झुकलेल्यांना फॉल. वॉबॅशचे स्टँडर्ड स्वच्छ पांढरे असतात आणि फॉल मखमली, गडद जांभळे. त्या जांभळ्याच्या कडेने बारीक पांढरी किनार फिरते. प्रत्येक फॉलच्या घशाशी पिवळ्या केसांची पट्टी दिसते, तीच दाढी. मधमाशीला आत शिरायची वाट ती दाखवते. दाढीच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्यावर जांभळ्या रेघा उमटलेल्या असतात. फूल सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं, तर फॉलचा जांभळा रंग एकसारखा नाही, पाकळीच्या पोटात जास्त गडद आहे हे लक्षात येतं. पांढरे स्टँडर्ड आणि रंगीत फॉल या जोडीला आयरिसवाले 'अमीना' म्हणतात.

आजकालच्या आयरिसना झालरी फार. पाकळ्या जाड, कडा इतक्या चुण्यांच्या की मूळ आकार शोधावा लागतो. वॉबॅशला झालर नाही. पाकळी साधी आहे आणि फॉल आडवे न पसरता खाली झुकतात. दांडा सुमारे 3 फूट, फूल आजच्या मानाने लहान. प्रदर्शनात आज याला कोणी बक्षीस देणार नाही. पण मेच्या अखेरीस वादळी पाऊस आला की झालरीची जड फुलं दांड्यासकट आडवी होतात. हलक्या फुलांच्या जुन्या जाती त्या मानाने उभ्या राहतात. अंगणासाठी मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

आणखी एक. आयरिसची जात बियांतून टिकत नाही, कंदातूनच टिकते. आज जगात जिथे जिथे खरा वॉबॅश आहे, तो त्या ब्लफ्टनच्या एकाच रोपाचा तुकडा आहे. कोणीतरी गड्डा, म्हणजे हाच कंद, फोडला, शेजाऱ्याला दिला, शेजाऱ्याने लेकीला दिला, असा तो आपल्यापर्यंत येतो.

आधी हवामान बघा

उंच दाढीवाल्या आयरिसला खरा हिवाळा लागतो. काही आठवडे सलग कडाक्याची थंडी पडली की मगच गड्ड्यात फुलाची तयारी होते. जमीन गोठली, वर बर्फ साचला, तरी याचं काही बिघडत नाही. त्यामुळे पुणे, नाशिक, मुंबई, गोवा इथे याच्या नादी लागू नका. पानं येतील, फूल येणार नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात गड्डा सडेल. महाबळेश्वरची थंडीही याला कमीच. भारतात आयरिस बघायचे तर वसंतात काश्मीरला जा. तिथे कब्रस्तानांत कबरींवर आयरिस लावायची जुनी रीत आहे. श्रीनगरला ट्यूलिप बघायला गेलेल्या पुष्कळांनी ते निळे-पांढरे ताटवे पाहिलेले असतात, फक्त नाव माहीत नसतं.

अमेरिकेहून सुट्टीला येताना बॅगेत गड्डा टाकून आणायचा विचार कोणी करत असेल, तर तो सोडून द्या. आयातीचा परवाना आणि वनस्पती-आरोग्याचा दाखला नसताना रोप किंवा कंद देशात आणता येत नाही.

बेणं कधी घ्यावं

गाडी सहसा इथेच चुकते. मे महिन्यात फुलं बघून मन भुलतं आणि तेव्हाच झाड आणावंसं वाटतं. आयरिसची लावणी मात्र फुलं संपल्यावर, उन्हाळ्यात होते. मध्य जुलै ते सप्टेंबरअखेर हा काळ ईशान्य आणि मध्य-पश्चिम अमेरिकेला योग्य. पक्की थंडी पडायच्या निदान सहा आठवडे आधी गड्डा जमिनीत गेलेला असावा, म्हणजे मुळं धरायला वेळ मिळतो. आपल्या पंचांगाने सांगायचं तर गणपतीच्या आसपास हे काम उरकून टाका. टेक्सास, ॲरिझोना अशा तापत्या भागांत मात्र घाई नको. तिथे ऊन उतरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावा.

मोठ्या दुकानांच्या बागकाम विभागात 'जांभळा-पांढरा आयरिस' अशी पिशवी मिळते. ती घेऊ नका. त्यात काय निघेल त्याचा भरवसा नसतो. स्थानिक आयरिस संस्था जुलै-ऑगस्टमध्ये गड्ड्यांची विक्री करतात, तिथे जा. अमेरिकन आयरिस सोसायटी 1920 पासून चालू आहे आणि तिच्या शाखा जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. बाजारात येऊन 30 वर्षं उलटलेल्या जातीला तिथे 'ऐतिहासिक' म्हणतात. अशा जाती जपणाऱ्यांचा वेगळा विभागही सोसायटीत आहे, आणि फक्त जुन्या जाती विकणाऱ्या छोट्या नर्सऱ्याही आहेत. जुना माल नव्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो. नव्याकोऱ्या जातीच्या एका गड्ड्याच्या पैशांत जुन्याचे चार-पाच सहज येतात.

विकत घ्यायच्या आधी खरा वॉबॅश डोळ्यांखालून घालायचा असेल, तर न्यू जर्सीवाल्यांना माँटक्लेअरची प्रेस्बी बाग जवळ आहे. फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ 1927 साली उभी राहिलेली ही बाग डोंगरउतारावर वळणावळणाने पसरली आहे. वाफ्यांत पाट्या असतात, त्यांवर जातीचं नाव, ती तयार करणाऱ्याचं नाव आणि साल. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत फुलोरा असतो. जुन्या जातींचे वाफे आधी बघा. झालरवाल्यांकडे आधी गेलात तर मग जुनी फुलं फिकी वाटायला लागतात.

ओळखताना एक घोटाळा हमखास होतो. 'र्‍हाइन निक्से' हा 1910 चा जर्मन आयरिसही पांढरा-जांभळा आणि कडेला फिकट किनारीचाच आहे. शेजारणीने आजीच्या बागेतला म्हणून दिलेला गड्डा यांपैकी कोणता, हे एका फोटोवरून ठरवू नका. शंका असेल तर पाटीवर 'अनोळखी' लिहा आणि आनंदाने वाढवा. खोट्या नावापेक्षा ते बरं.

गड्डा हातात आल्यावर

टपालाने आलेला गड्डा बघून नवख्या माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. माती नाही, पानं वितीएवढी कापलेली, मुळं वाळलेली. पण आयरिस असाच पाठवतात. गड्डा दिसायला आल्याच्या बेण्यासारखा असतो, तसाच पेरापेरांचा आणि बाजूला डोळे फुटलेला. बोटाने दाबून बघा. टणक लागला तर उत्तम. कुठे मऊ लागला किंवा कुबट वास आला, तर तेवढा भाग कापून टाका आणि काप सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या. लगेच लावणं जमत नसेल तर हवेशीर, कोरड्या जागी आठवडा-दोन आठवडे ठेवला तरी चालतं. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र एक दिवसही ठेवू नका.

जागा आणि माती

दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर सोन्याहून पिवळं. घराच्या दक्षिणेची किंवा पश्चिमेची भिंत, ड्राइव्हवेची कड, मेलबॉक्सभोवतीची जागा, ही सगळी ठिकाणं छान. मेपलच्या सावलीत लावलात तर पानं हिरवीगार राहतील आणि फुलांची वाट बघत बसाल.

ऊन जमलं की निचरा बघा. वीतभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच उभं असेल तर ती जागा आयरिसची नाही. न्यू जर्सी आणि ओहायोच्या नव्या वसाहतींत हे फार होतं. बांधकामाच्या वेळी वरची चांगली माती निघून गेलेली असते, खाली नुसती चिकणमाती आणि वर हिरवळीची चटई. तिथे गादीवाफा करा. सहा-आठ इंच उंच, कडेला दगड लावा किंवा नुसता उतार ठेवा. चिकणमातीत थोडं कुजलेलं कंपोस्ट आणि बारीक खडी मिसळा. नुसती वाळू मिसळायच्या फंदात पडू नका. थोड्या वाळूने चिकणमाती सुधारत नाही, उलट घट्ट होते. ताजं शेणखत अजिबात नको. मातीचा सामू (pH) 6.5 ते 7 च्या आसपास असला की पुरे. तपासणी करून घ्यायची असेल तर राज्याच्या कृषी विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस थोड्या पैशांत करून देतं.

लावणी

सगळ्या लेखात हात मातीत घालायचं काम एवढंच, तेव्हा जरा सावकाश करू.

वाफा 10-12 इंच खोल खणून भुसभुशीत करा. प्रत्येक गड्ड्यासाठी पसरट खड्डा करा आणि त्याच्या मधोमध मातीचा छोटा वरंबा उभा करा, घोड्याच्या पाठीसारखा. गड्डा या वरंब्यावर बसवा. मुळं दोन्ही बाजूंना खाली सोडा, बोटांनी पसरा. आता दोन्ही बाजूंनी माती ओढून मुळं झाका आणि तळव्याने घट्ट दाबा. गड्डा हलवून बघितला तर डुगडुगता कामा नये. मुळं आणि माती यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर पहिल्या थंडीत जमीन फुगून गड्डा वर फेकला जातो.

खोलीची गोष्ट दोनदा सांगायला हवी. गड्ड्याची पाठ मातीच्या वर, उन्हात दिसली पाहिजे. आपला हात आपोआप त्यावर माती ओढायला जातो, तो आवरा. हळद आणि आलं आपण पुरतो, हा पुरायचा नाही. खोल गेलेला आयरिस एक तर सडतो, नाही तर वर्षानुवर्षं नुसती पानं देतो. कडक उन्हाच्या, कोरड्या प्रदेशात पाठीवर बोटभर माती चालते, तीही उन्हाने पाठ भाजू नये म्हणून. बाकीच्यांनी पाठ उघडीच ठेवा.

दोन गड्ड्यांमध्ये दीड फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी वाफा ओकाबोका दिसेल, पण तिसऱ्या वर्षी हीच जागा अपुरी पडते. गड्डा पुढे सरकतो तो पानांच्या पंख्याच्या दिशेने. तीन गड्डे लावायचे असतील तर त्रिकोणात लावा आणि तिन्ही पंखे बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे ते एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. उतारावर लावताना मात्र पंखा चढाकडे.

लावून झाल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. पाऊस नसेल तर पुढचे काही आठवडे आठवड्यातून एकदा. दोन-तीन आठवड्यांत पंख्याच्या मध्यातून नवं, फिकट हिरवं पान वर येतं. ते दिसलं की मूळ धरलं असं समजा आणि पाइप गुंडाळून ठेवा. पुढे पाणी द्यायचं ते लांबलचक अवर्षण पडलं तरच.

इथे हिरवळीचे स्प्रिंकलर आडवे येतात. टायमरवर पहाटे रोज सुटणारं पाणी आयरिसच्या वाफ्यावर पडत असेल, तर त्या कोपऱ्यातलं नोझल बंद करून घ्या किंवा वाफाच दुसरीकडे हलवा. लँडस्केपरचंही तसंच. वसंत आला की ही मंडळी लाकडाच्या भुशाचं मल्च दिसेल त्या वाफ्यावर तीन इंच पसरून जातात. कामाला येतील तेव्हा वाफा दाखवून सांगा, इथे मल्च नको. सांगूनही पसरलं, तर त्याच दिवशी गड्ड्यांवरून हाताने बाजूला करा.

पाटी

नाव नसलेला जुना आयरिस म्हणजे नुसतं छान फूल. नाव असेल तर त्याच्यामागे ब्लफ्टन, विल्यमसन, 1936 हे सगळं येतं. प्लॅस्टिकच्या पाट्यांवरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते आणि पाट्या खारी पळवतात त्या वेगळ्याच. जस्ताची पाटी घ्या आणि त्यावर शिशाच्या पेन्सिलने लिहा. पेन्सिल शाईपेक्षा जास्त टिकते. शिवाय वहीत वाफ्याचा नकाशा काढून ठेवा, कुठून मोजायचं तेही लिहा. ड्राइव्हवेच्या कडेपासून तिसरा, असं.

पहिला हिवाळा ते पहिलं फूल

थंडीत वरची पानं वाळून लोळतील. घाबरू नका, गड्डा जिवंत आहे. पहिल्याच वर्षी, जिथे जमीन सारखी गोठते-वितळते तिथे, जमीन गोठल्यानंतर पाइनच्या काड्यांचं हलकं पांघरूण घातलं तर चालेल. मार्चमध्ये ते काढून टाका. पुढच्या वर्षांपासून त्याचीही गरज नाही.

मार्च-एप्रिलमध्ये नवे पंखे उठायला लागले की खत द्या. नत्र (नायट्रोजन) कमी आणि स्फुरद-पालाश (फॉस्फरस-पोटॅश) जास्त असलेलं, 5-10-10 सारखं. एका झुडपाभोवती अर्धी मूठ, गड्ड्यावर न टाकता कडेने. लॉनवर टाकायचं खत नत्राने भरलेलं असतं, ते टाकताना आयरिसवर उडू देऊ नका. जास्त नत्राने पानं मऊ आणि लुसलुशीत होतात आणि कुजेला आयतं आमंत्रण मिळतं.

पहिल्या मेमध्ये फूल येईलच असं नाही. लावलेला गड्डा मोठा असेल तर एखादा दांडा येतो, लहान असेल तर दुसऱ्या वर्षाची वाट बघा. खरा फुलोरा तिसऱ्या वर्षी. दांडा आला की त्यावर कळ्या वरून खाली टप्प्याटप्प्याने उमलतात. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं, झुडूप मिळून दोन-तीन आठवडे. न्यू जर्सीत हे दिवस साधारण अक्षय्य तृतीया आणि वटपौर्णिमा यांच्यामधले. सुकलेलं फूल रोज बोटांनी मोडून काढा. ओल्या जांभळ्या पाकळ्यांचा रंग हाताला आणि शर्टाला लागतो, तेवढं सांभाळा.

घरात न्यायचा असेल तर वरची कळी फुगून रंग दाखवायला लागली की दांडा कापा, फुलदाणीत बाकीच्या कळ्या एकेक उमलतील.

फुलांमागे कधी हिरवं बोंड धरतं. ते खुडून टाका. त्यातल्या बियांतून वॉबॅश येत नाही, भलतंच काही येतं, आणि बी तिथेच पडून उगवलं तर पाच वर्षांनी झुडपात दोन रंग दिसतात आणि खरा कोणता यावर वाद सुरू होतात. बियांपासून नवी जात काढायची हौस असेल तर तो वेगळा खेळ आहे, वेगळ्या वाफ्यात खेळा.

फुलं गेल्यावर

रिकामा दांडा बुडाशी कापा, पण हिरवी पानं कापू नका. शेजारी कापतात, कारण पंख्याच्या आकारात छाटलेली पानं नीटनेटकी दिसतात. पण पुढच्या वर्षीच्या फुलाचं भांडवल हीच पानं उन्हाळाभर जमा करत असतात. पिवळी, तपकिरी किंवा डागाळलेली तेवढी काढा. फुलोऱ्यानंतर महिना-दीड महिन्याने खताची आणखी एक हलकी मात्रा द्या आणि पुढे विसरून जा.

एकदा फुललेला गड्डा परत कधी फुलत नाही. त्याच्या दोन्ही कुशींना फुटलेले पिल्ले-गड्डे पुढच्या वर्षी फुलतात. झुडूप मधून पोकळ आणि कडेने भरलेलं दिसायला लागतं ते यामुळेच.

कीड आणि कुज

रॉकी पर्वतांच्या पूर्वेला राहणाऱ्यांचा मुख्य शत्रू आयरिस बोअरर. हा एक पतंग. शरद ऋतूत तो वाळलेल्या पानांवर अंडी घालतो. एप्रिल-मेमध्ये केसाएवढी अळी बाहेर पडते, पानात शिरते आणि पान पोखरत खाली उतरते. पानावर पाणी सुटल्यासारखी ओली, गडद रेघ किंवा कडेला कुरतडल्याच्या खुणा दिसल्या की त्या जागी पान दोन बोटांत दाबून वरपासून खालपर्यंत चिमटा. अळी आतच चिरडते. किळस वाटते, पण याहून स्वस्त उपाय नाही. तेव्हा सुटली तर जुलैपर्यंत ती गड्ड्यात पोचते, करंगळीएवढी गुलाबट होते आणि गड्डा आतून खाऊन टाकते. खरा बंदोबस्त झाडूने होतो. पक्की थंडी पडल्यावर सगळी वाळकी पानं गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नव्हे. अंडी त्यांच्याबरोबर जातात. इंग्लंडात ही कीड नाही, तिथल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

बोअररच्या मागोमाग किंवा नुसत्या ओलीने येते ती मऊ कुज, जिवाणूंची. पंखा अचानक एका बाजूला कलंडतो, ओढला तर हातात येतो आणि वास असा सुटतो की निदानासाठी तज्ज्ञ लागत नाही. चमच्याने सगळा लगदा खरवडून काढा, पांढरा टणक गर लागेपर्यंत. त्या जागेवर ब्लीच असलेली भांडी घासायची पावडर भुरभुरवायची जुन्या आयरिसवाल्यांची पद्धत आहे. नसेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी ओता. भोवतीची माती सारून गड्डा उन्हात उघडा पडू द्या. चाकू आणि चमचाही त्याच पाण्यात बुडवा, नाही तर कुज पुढच्या झाडाला तुम्हीच पोचवाल.

हरणं आणि ससे आयरिसच्या वाटेला फारसे जात नाहीत. कुत्र्या-मांजरांनी गड्डा चावला तर लाळ गळते, उलट्या होतात, त्यामुळे उकरायची सवय असलेल्या कुत्र्याला वाफ्यापासून लांब ठेवा. गड्डे कापताना हातमोजे घाला, काहींच्या कातडीला याचा चीक चावतो.

फूल येत नसेल तर

या क्रमाने तपासा. झाडावर सावली पडायला लागली आहे का? शेजारच्या झाडाची फांदी चार वर्षांत बरीच वाढते. गड्डे मातीत किंवा मल्चमध्ये गाडले गेलेत का? लॉनचं खत वाफ्यात येतंय का? झुडूप फोडून किती वर्षं झाली? बहुतेक वेळा उत्तर या चारांतच सापडतं. कळी धरल्यावर उशिरा दहिवर (फ्रॉस्ट) पडून ती करपली असेल, तर त्या वर्षापुरता इलाज नाही.

अपार्टमेंटच्या बाल्कनीत वाढवायचा असेल तर 12 इंची, भरपूर भोकं असलेली कुंडी, एका कुंडीत एकच गड्डा आणि हिवाळ्यात कुंडी बाहेरच. घरात उबेला घेतलीत तर थंडीचा हिशेब चुकतो. पण खरं सांगायचं तर कुंडीत हा कधी खूश नसतो.

गड्डे फोडणं आणि वाटणं

तीन-चार वर्षांनी झुडूप दाटतं. फुलोऱ्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, अख्खं झुडूप काट्याच्या फावड्याने उचला. पाइपच्या पाण्याने माती धुऊन काढा, म्हणजे कुठला गड्डा कुठे जोडलाय ते दिसतं. मधला म्हातारा, बिनपानांचा गड्डा फेकून द्या. कडेचे, एक टणक पंखा आणि चांगली मुळं असलेले, चाकूने वेगळे करा. प्रत्येक कापानंतर चाकू ब्लीचच्या पाण्यात. भोक दिसलं तर आत काडी घालून बघा, बोअरर तिथेच बसलेला असतो. पानं वितीएवढी ठेवून बाकी कापा, काप एक-दोन दिवस सुकू द्या, मग पुन्हा लावा.

एका झुडपातून आठ-दहा गड्डे सहज निघतात आणि तुम्हाला लागतात तीन. उरलेले महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात घेऊन जा, वेळ नेमकी लावणीची असते. देण्याआधी मात्र प्रत्येक पंख्याच्या मधल्या पानावर जाड, न पुसणाऱ्या मार्करने लिहा: 'वॉबॅश, विल्यमसन, 1936'. चिठ्ठी हरवते, पानावरचं नाव गड्डा जमिनीत जाईपर्यंत टिकतं. आणि घेणाऱ्याला बजावून सांगा, पाठ उघडी ठेव.